पट आणि पंगत

शाळेच्या दप्तरातील जी बाडे कितीही जीर्ण झाली तरी रद्दीत जात नाहीत, त्यांत ‘जनरल रजिस्टर’ हे अग्रगण्य होय. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात व पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक अशा रकान्यांवरून दृष्टी सरकत सरकत उजव्या कडेला आली म्हणजे तेथे ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक अरुंद रकाना लागतो. आणि ज्यांनी दाखला मागून नेला नाही अशा मुलांपुढे त्या रकान्यात गुरुजींच्या वळणदार अक्षरांत बहुधा दोनच शब्द आढळतात : ‘सतत गैरहजर’. तर्कशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा कारणाच्या जागी कार्याचा निर्देश झाला. मूल गैरहजर का राहिले, त्या दिवसांत ते कोठे होते, कोणाच्या शेतात, कोणाच्या मागावर, की घरातल्या तान्ह्या भावंडापाशी, याचा खुलासा सरकारी नमुन्याला अपेक्षित नसतो. आणि पटावरून नाव कमी होते ते शाईच्या एका रेघेसरशी.

नाशिक जिल्ह्यातील शिक्षणाचा पूर्ववृत्तान्त चाळताना माझे असे मत होत गेले की, हा खुलासा शाळेच्या आसपासच्या चुलींपाशी शोधावा. कोण शेवटच्या इयत्तेपर्यंत पोचला आणि कोण वाटेत गळाला, याचा निवाडा या जिल्ह्यात फळ्यासमोर क्वचितच झालेला आहे. तो बहुतेक वेळा पानावर झाला.

नाशिक हे क्षेत्र. आणि क्षेत्राच्या गावी पोट भरण्याची एक शिस्त पूर्वापार चालत आलेली असते. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील वाड्यांतून वेदपठणासाठी येऊन राहिलेली परगावची मुले माधुकरीवर जगत. सकाळचा पाठ झाला की सोवळे नेसून, खांद्याला झोळी आणि हाती तांब्या घेऊन मुलगा ठरलेल्या घरांच्या दारी उभा राही, ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणे, आणि पाच घरचा भात, पाच घरची पोळी व तांब्यात सरमिसळ झालेली पाच घरची आमटी घेऊन बिऱ्हाडी परते. ज्याची ओळखदेख अधिक त्याला वार लागत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सातही वार लागले की तो विद्यार्थी निश्चिंत झाला, आणि पाचच लागले तर उरलेल्या दोन दिवसांसाठी त्याने एखादे व्रत धरावे हे उत्तम. पेशव्यांच्या अमलात श्रावणातील दक्षिणेची जोड या व्यवस्थेला होती. १८१८ मध्ये अंमल बदलला, पुढे इंग्रजी शाळा निघाल्या, १८५९ पासून मुंबई विश्वविद्यालयाची मॅट्रिक्युलेशनची परीक्षा सुरू झाली, तरी चूल तीच राहिली. वेदाची संथा घेणाऱ्याच्या जागी भूमितीचे सिद्धान्त घोकणारा मुलगा आला, त्याच सोप्यात त्याच पाटावर जेवून मॅट्रिक झाला, कोणी मुन्सफाच्या कचेरीत कारकून झाला, तर कोणी प्रसंगी मामलेदारही झाला.

या व्यवस्थेचा उपहास करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, तिला अंदाजपत्रक नव्हते, तपासनीस नव्हता, समिती नव्हती, आणि तरीही गरीब विधवेचा मुलगा सात-आठ वर्षे परगावी टिकून राही. परंतु ती पंगत एका जातीची होती, आणि त्या जातीतही केवळ मुलग्यांची. बागलाणातल्या कुणब्याचा, सिन्नरकडच्या वंजाऱ्याचा किंवा दिंडोरीतल्या महाराचा मुलगा कितीही कुशाग्र असला तरी नाशिकात त्याला वार लावणारे घर नव्हते. त्याच्या गावी शाळा असलीच तर पहिल्या काही इयत्तांची, आणि पुढचे विद्यालय वीस-पंचवीस कोसांवर. शाळेचे दार कायद्याने सर्वांस मोकळे होते, परंतु रात्री निजावे कोठे आणि दोन्ही वेळा जेवावे कोणाकडे, या प्रश्नाला त्या दारावर उत्तर लिहिलेले नव्हते.

सरकारने या मुलांकडून पैसा घेतला नव्हता असे मात्र नाही. १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला व त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाऊ लागला. म्हणजे नांगर धरणाऱ्याच्या आण्यावर शाळा उभी राहिली, आणि त्या शाळेत नांगर धरणाऱ्याचे मूल टिकेना. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात या विषमतेवर बोट ठेवून बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातले, नांगराची मूठ धरण्यास न लाजणारे असे नेमावेत, असे त्यांनी सुचविले होते. कमिशनने निवेदन दप्तरी दाखल केले. सक्तीचा कायदा कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये झाला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ मध्ये नगरपालिकांना तशी मुभा मिळाली. पण सक्तीने मूल शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आणता येते, आत ठेवून घेण्याचे बळ तिच्यात नसते. १९२९ मध्ये सर फिलिप हार्टोग यांच्या समितीने हिंदुस्थानभरच्या आकड्यांवरून दाखवून दिले की, १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर शंभर मुलामुलींपैकी १९२५-२६ साली चौथीत शिकत होती ती अवघी अठरा. बाकीची ब्याऐंशी एक तर त्याच त्या वर्गात कुजत पडली होती, नाहीतर ‘सतत गैरहजर’ झाली होती.

नाशिकात या प्रश्नाला जे खरे उत्तर मिळाले ते शिक्षणखात्याकडून आले नाही. ते बोर्डिंगच्या रूपाने आले. आणि येथे थोडे थांबावयास हवे, कारण आजच्या वाचकाला बोर्डिंग म्हटले की डेहराडूनच्या बाजूच्या श्रीमंत शाळा आठवतात. त्या काळचे बोर्डिंग म्हणजे एक लांबट कौलारू इमारत, भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकेवर घडी घातलेली वळकटी, मागच्या बाजूस धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ ज्वारी-बाजरीच्या भाकरी, आमटी, चटणी. रविवारी कपडे धुणे, सणाला गोड. ज्याची ऐपत असे त्याने फी भरावी, ज्याची नसे त्याने घरून धान्याचे पोते आणावे, तेही नसेल त्याची सोय संस्थेने करावी. देखरेखीला सुपरिंटेंडेंट, तो बहुधा स्वतःच कालपरवापर्यंत विद्यार्थी असलेला तरुण.

सत्यशोधकी विचारांच्या काही मंडळींनी १९१४ मध्ये नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन केला. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे ही नावे त्या परंपरेत आदराने घेतली जातात. पुढे शेकडो शाखा झालेल्या या संस्थेचे मूळ वसतिगृहात आहे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. धारच्या उदाजीराव पवार महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला १९२० च्या एप्रिलमध्ये शाहू छत्रपतींच्या हस्ते बसविण्यात आली. वंजारी समाजाचे वसतिगृहही त्याच सुमारास निघाले. उदोजी बोर्डिंगच्या गंगापूर रस्त्यावरील आवारात आज संस्थेच्या वारशाचे संग्रहालय आहे.

जातवार बोर्डिंगे का काढली, अशी टीका तेव्हाही झाली. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये कोल्हापुरात राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह काढून पाहिले होते, आणि अल्पावधीतच ते एकाच जातीच्या मुलांनी भरून गेले होते. त्या अनुभवानंतर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग एकामागून एक जातीजातींची निघत गेली. म्हणजे जातवार पंगत हा आदर्श नव्हता, ती एक तडजोड होती. आणि तडजोडीचा जो गुण असतो तो तिच्यात होता, म्हणजे काम तत्काळ सुरू झाले. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवून दाखविले आणि १९२७ मध्ये गांधींनी ते वसतिगृह पाहून धन्योद्गार काढले. तसा सरमिसळ प्रयोग नाशिकला आधी झाला असता तर जिल्ह्याचे पुढचे सामाजिक आयुष्य थोडे निराळे झाले असते, असे मला राहून राहून वाटते. पण हा सुरक्षित अंतरावरून केलेला विचार आहे. कोनशिला बसवणाऱ्यांपुढे त्या जूनमध्ये गावाहून येणारी मुले उभी होती.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांची कथा याहून कठोर होती. त्यांना शाळेत प्रवेश मिळाला तरी जागा पडवीत, पाणी वरून ओतलेले. १९२८ मध्ये सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे दोघेही सदस्य होते; १९३० मधील तिच्या अहवालात वेगळ्या शाळांपेक्षा सर्वांच्या सामाईक शाळांवर, तसेच शिष्यवृत्त्या व वसतिगृहांवर भर आहे. त्याच वर्षी, २ मार्च रोजी, नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड हे मंदिरप्रवेशाइतकेच विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याच्या सोयीसाठी झटत होते. इतिहासकार सत्याग्रहावर पाने खर्च करतात आणि वसतिगृहावर एखादी ओळ. परंतु देवळाचे दार पाच वर्षे बंद राहिले त्या काळात वसतिगृहातून मॅट्रिक होऊन बाहेर पडलेला एक एक मुलगा, मला वाटते, त्याच लढ्याचा हिशेब चुकता करीत होता.

आता जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, घाटमाथ्याकडे वळू. सुरगाणा, पेठ, हरसूल हा मुलूख कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल यांचा. पेठ हे एके काळी लहानसे संस्थान होते, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते खालसा झाले. नागली-वरईची शेती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, आणि दिवाळीनंतर रिकामी होणारी पाडी. येथे बोर्डिंग काढून भागणार नव्हते, कारण बोर्डिंगला जवळपास शाळा तरी लागते. येथे शाळा आणि घर एकाच छपराखाली आणणे अवश्य होते. गुजरातेत दाहोद येथे ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापून ही वाट पाडली होती. नाशिकला दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ स्थापन केले आणि या दुर्गम भागात आश्रम-पद्धतीच्या शाळा व वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला. डांग महाराष्ट्रात राहावा म्हणून बिडकरांनी पराकाष्ठा केली. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला, आणि त्याचे नाव तेवढे नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेकडे राहून गेले.

१९५३-५४ पासून मुंबई सरकारने आश्रमशाळांना अनुदान देण्यास प्रारंभ केला. १९७२ नंतर शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला, आणि कालांतराने आदिवासी विकास आयुक्तांचे मुख्य कार्यालय नाशिकातच आले. मूळ कल्पना निर्मळ होती : मुलाचे आईबाप मजुरीसाठी उतरले तरी मुलाने शाळेच्या शिवारात राहावे, शेत-बागेत काम शिकावे, दोन वेळ जेवावे. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी दिवसाचा वर्ग हीच रात्रीची निजण्याची खोली झाली, बाके भिंतीशी सारून फरशीवर सतरंज्या पडल्या, आणि आजाऱ्यांची निगा राखणारे कोणी उरले नाही. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली, ही गोष्ट आश्रम या संस्थेच्या इतिहासात नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्या घराने मूल सोपविले त्याला मूल परत मिळाले नाही, तर त्या पाड्यावरून दुसरे मूल पाठवण्यास कोण धजेल?

मुलाला शाळेबाहेर ओढणारे हात कोणते, हे जिल्ह्याच्या नकाशावरच दिसते. सिन्नरला विडी, तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन पाने कातरणाऱ्या आईशेजारी मुलगी बसते ती बंडल बांधण्यापुरती, आणि मग तिचा हात बसतो. मालेगावला माग, रात्रपाळीला कांड्या भरणारा पोरगा सकाळी वर्गात पेंगतो व काही महिन्यांनी येतच नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी आली की पेठ-सुरगाण्याहून कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरतात; छाटणी, डिपिंग, विरळणी, काढणी हे सारे नेमके शाळेच्या दुसऱ्या सत्रात. नांदगाव-येवल्याकडून कोयता ऊसतोडीला जातो तोही दिवाळीनंतरच. पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक यांची अशी गाठ घालून पाहिली म्हणजे ‘सतत गैरहजर’ या शब्दांमागचा महिना तरी कळतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची जी पाहणी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली, ती याच गळतीचा माग काढणारी होती. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे तर जन्मभर सांगत आले की, काम करणाऱ्या मुलासाठी शाळेने आपली वेळ बदलावी. वेळ बदलली नाही. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे ही अलीकडची तोड निघाली आहे. आईबाप कारखान्यावर, मूल गावच्या वसतिगृहात. कल्पना जुनीच आहे, १९१४ ची.

मुलींबाबत शासनाने १९९२ पासून उपस्थिती भत्ता सुरू केला : दारिद्र्यरेषेखालील घरच्या मुलीस रोजचा एक रुपया. तो रुपया दीर्घकाळ तेवढाच राहिला आणि विडीच्या हजारामागची मजुरी वाढत गेली. मुलींसाठी सुटलेल्या मोफत एस.टी.च्या पासाने आणि मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्यांनी, माझ्या मते, त्या रुपयापेक्षा पुष्कळ अधिक काम केले. कारण आठवीनंतर मुलगी थांबते ती शाळा पलीकडच्या गावी असते म्हणून, आणि वाटेची धास्ती बापाला फीपेक्षा मोठी असते.

फीचे ओझे पूर्वी खरेच मोठे होते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास बाळासाहेब देसाईंच्या पुढाकाराने वार्षिक बाराशे रुपयांहून कमी उत्पन्नाच्या पालकांना जी ई.बी.सी.ची सवलत मिळाली, तिने खेड्यापाड्यांतील विद्यालये भरली. एक पिढी ‘ईबीसीवर शिकलो’ असे अभिमानाने सांगते. जे तरीही मागे राहिले त्यांच्यासाठी एस.एस.सी. मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म होता आणि आहे. गॅरेजमध्ये, किराणा दुकानात, पोलिसभरतीच्या आशेवर राबणारी मुले तो भरून बाहेरून परीक्षेला बसतात. १९८९ मध्ये नाशिकलाच, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन येथे, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले, आणि राम ताकवले यांच्या कारकिर्दीत बारावीदेखील न झालेल्या प्रौढांस पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे पदवीपर्यंत जाण्याची वाट मिळाली. गळालेल्यांची एवढी मोठी नोंदवही अन्य कोणत्या संस्थेपाशी असेल, असे वाटत नाही.

आणि पुन्हा जेवणाकडे. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची पोषण-आहार योजना आली. आरंभी महिन्याकाठी तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी न्यावयाचा, म्हणजे मूल हजर राहिले की नाही याचा जेवणाशी संबंध कागदापुरता. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न द्यावे लागले, आणि शाळेच्या पडवीत खिचडीचे पातेले चढले. ती खिचडी आठवीपर्यंत. २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदाही आठवीपर्यंत, चौदा वर्षांपर्यंत. नववीच्या पहिल्या दिवशी मुलाचे ताट आणि हक्क ही दोन्ही एकाच वेळी काढून घेतली जातात, आणि मग नववी-दहावीतच मुले का गळतात याचा शोध घेण्यासाठी चर्चासत्रे भरविली जातात!

आश्रमशाळांच्या व आदिवासी वसतिगृहांच्या जेवणाबाबत अलीकडे दोन प्रयोग नाशिक जिल्ह्यात झाले. इगतपुरीजवळ मुंढेगाव येथे टाटा न्यासाच्या साहाय्याने मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभे राहिले, तेथून गाड्यांनी आसपासच्या आश्रमशाळांत अन्न जाऊ लागले. स्वच्छतेच्या दृष्टीने ते निःसंशय उत्तम. दुसरा प्रयोग असा की, २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील खाणावळी बंद करून भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे शासनाने ठरविले. कागदावर हिशेब चोख होता. परंतु रक्कम वेळेवर पडत नसे, पडली तर गावच्या घरची नड आधी तिच्यावर हात टाकी, आणि मुलगा संध्याकाळी वडापाववर भागवी. त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाले. पोलिसांनी त्यांना वाटेतच अडविले. वसतिगृहांतील खाणावळ पूर्ववत चालू करावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती.